आजींच्या पेटीतला वॉटरमन 52: लवचीक निबच्या एका विक्रीचं प्रकरण

प्रकरण एका पेनाचं आहे. वॉटरमन 52, काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा, चौदा कॅरेट सोन्याची लवचीक निब असलेला. आर्वी तालुक्यातल्या एका गावातून तो नागपूरला विकला गेला आणि पोळ्याच्या आधी निब फाकली म्हणून परत आला. विकणारं घर कोरडवाहू कापूस-तुरीचं. आलेले पैसे तोवर पेरणीत गेलेले. घेणारी मुलगी लग्नपत्रिकांवर आणि पाकिटांवर इंग्रजी सुलेखन करून कमावणारी; पेन बंद म्हणजे हातातलं काम बंद. दोघांपैकी लबाड कोणीही नाही. दुरुस्ती माझी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्याकडे आहेत. दोघांना विचारून, नावगाव वगळून, सगळं मांडतो. जुने पेन दुरुस्त करून विकणारी मंडळी आता आपल्याकडेही आहेत आणि लवचीक निबच्या विक्रीत भांडण नेमकं कुठून सुरू होतं ते या एका पेनात स्वच्छ दिसतं.

विकणाऱ्या घरच्या आजींचे सासरे आर्वीच्या एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, मुनीम होते. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे तेव्हा चालू होती. गाठी पुलगावला आणि तिथून मुंबईला जायच्या. मुंबईच्या अडत्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा. हिशेब मात्र मोडी लिपीत. पत्र्याच्या पेटीत त्यांच्या वह्या, एक दौत, टाकाच्या गंजलेल्या निबा आणि तीन फाउंटन पेन निघाले: हा वॉटरमन, मेबी टॉड कंपनीचा एक ब्लॅकबर्ड, आणि एक बिननावाचा देशी एबोनाइटचा पेन. नातवानं वॉटरमनचं नाव मोबाइलवर टाकलं आणि परदेशातल्या जाहिरातींचे आकडे पाहून घर चक्रावलं.

आजी मला म्हणाल्या, "एवढ्याशा पेनाचे एवढे पैसे देते कोन, भाऊ? मले तं पटतच नाई. पन खरंच येत असन तं पेरनीले कामी येतीन."

त्याआधी घरचे सराफाकडे जाऊन आले होते. त्यानं निबचे ₹2,500 सांगितले, तेही मोडीत घालायच्या बोलीवर. त्याच्या बाजूनं त्याचं बरोबरच आहे. चौदा कॅरेट म्हणजे 58.5 टक्के सोनं, आणि अशी लहान निब काट्यावर अर्धा ग्रॅमही भरत नाही. पण या निबची किंमत सोन्यात नाही, ती दाबल्यावर उघडून परत मिटण्यात आहे, आणि ते काट्यावर येत नाही. अशा किती निबा आजवर मुशीत गेल्या असतील या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं.

पेन कोणत्या अवस्थेत आला

वॉटरमनच्या त्या काळच्या क्रमांकांना अर्थ असतो. 52 मधला 5 म्हणजे बाजूचा लिव्हर उचलून आतल्या रबरी पिशवीत शाई भरायची रचना आणि 2 म्हणजे निबचा आकार. आकडा नळीच्या बुडाशी कोरलेला असतो. हे मॉडेल 1915 च्या सुमारास आलं आणि 1920 च्या दशकात भरपूर खपलं. कंपनी न्यूयॉर्कची, लुईस वॉटरमन यांनी 1884 मध्ये ज्या पेनाचं पेटंट घेतलं त्याचं मर्म जिभेत होतं. निबच्या खालच्या जिभेला बारीक चिरा पाडून शाई खाली आणि हवा वर, अशी एकाच वेळी ये-जा करून दिली. लवचीक निबला ही जीभच सांभाळते. निब उघडली की शाईची मागणी एकदम वाढते आणि तेवढी शाई जिभेनं त्याच क्षणी पुरवावी लागते.

आमच्या पेनाची रबरी पिशवी आत दगडासारखी कडक झाली होती. नशिबानं लिव्हर कोणी जोर लावून उचलला नव्हता. कडक पिशवीवर लिव्हर रेटला की लिव्हर तरी मोडतो नाही तर नळी तरी तडकते, आणि मग दुरुस्तीला फारसं काही उरत नाही. नुकसान दुसरीकडे झालं होतं. नातवाच्या मित्रानं वाळलेली शाई सुटावी म्हणून अख्खा पेन रात्रभर गरम पाण्यात ठेवला. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा लागली की त्याचा पृष्ठभाग आतून बदलत जातो, पण वरून काळा दिसत राहतो. पाणी लागलं की तो बदल एका रात्रीत बाहेर येतो. पेन शेवाळी तपकिरी होऊन निघाला. नळीवरची नागमोडी नक्षी आणि कंपनीचं नाव मात्र शाबूत होतं.

जुना एबोनाइटचा पेन पाण्यात बुडवू नये. हे वाक्य या लेखातून एका माणसाच्या जरी लक्षात राहिलं तरी एखादा पेन वाचेल.

निब भिंगाखाली पाहिली. दोन्ही पाती (टोकाकडचे दोन फाटे) सरळ, ती सुरू होतात त्या खांद्यापाशी चीर नाही, टोकाला जडवलेला कठीण धातूचा दाणा दोन्ही बाजूंना सारखा. उजवं पातं डाव्यापेक्षा केसभर वर होतं, तेवढंच.

वह्यांमधला पुरावा

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो मुनीमजींच्या वह्यांवर, आणि पुढे निकाल लागला तोही त्यांच्यामुळेच.

खतावणी मोडीत आहे, बोरूनं किंवा टाकानं लिहिलेली. तिचा आपल्या पेनाशी संबंध नाही. पण एका वहीत मुंबईला पाठवायच्या इंग्रजी पत्रांचे कच्चे खर्डे आहेत, आणि ते याच निबचे असावेत. वर जाणारी रेघ केसासारखी, खाली येणारी भरलेली, वळणावर जाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. टाकाचं लेखन असतं तर काही शब्दांगणिक शाई फिकी होऊन पुन्हा गडद झाली असती, कारण टाक दौतीत बुडवावा लागतो. इथे पानभर शाईचा एकच भर आहे.

मी पट्टी आणि भिंग घेऊन जाड रेघा मोजल्या. घाईच्या खर्ड्यात आणि ठसठशीत सहीत, दोन्हीकडे सगळ्यात जाड रेघ 1.2 मिलिमीटरच्या आतबाहेर. त्यापुढे मुनीमजींनी ही निब कधी उघडलेली दिसत नाही. म्हणून ती इतकी वर्षं जशीच्या तशी राहिली. वापरणाऱ्याच्या हातानं निबची हद्द आखून ठेवली होती आणि ती कागदावर मोजता येत होती.

लवचीक म्हणजे मऊ, असा समज सर्रास आहे. तो खरा नाही. मऊ धातू वाकतो आणि वाकलेलाच राहतो. लवचीक निबमध्ये सोन्याला चांदी-तांब्याची साथ असते, पत्रा थंडच दाबून-ठोकून ताठ केलेला असतो, पाती लांब आणि खांदे पातळ असतात. दाब दिला की पाती फाकतात, सोडला की मिटतात. खरेदीदारानं बघायचं ते हे मिटणं. जाड रेघेनंतर लगेच काढलेली बारीक रेघ पहिल्याइतकीच बारीक आहे का? असेल तर निब जिवंत आहे.

अशा निबा बाजारातून गेल्या त्यालाही कारण आहे. दुकानात, कचेरीत कार्बन लावून प्रती काढायची पद्धत वाढली तशी दाब सहन करणारी ताठ निब लागू लागली. मग बॉलपेन आला आणि दाबून लिहिणं हाताच्या सवयीचंच झालं. आज बॉलपेनवर वाढलेला हात मुनीमजींची निब धरतो तेव्हा तो तिला नकळत दुप्पट दाबतो. हे लक्षात न घेता विकलेली निब परत येणारच.

दुरुस्ती

निब-जीभ ज्यात बसते तो पुढचा भाग, म्हणजे सेक्शन, या पेनात आटे नसलेला, नुसता दाबून बसवलेला असतो. हेअर ड्रायरची गरम हवा लांबून, पेन सतत फिरवत, हाताला सोसवेल इतकीच दिली. थोड्या वेळानं जुन्या लाखेचा वास आला. तो वास आला की समजायचं की सांधा सुटायच्या बेतात आहे. मग रबराच्या तुकड्यात धरून, पिळत-पिळत, जोर न लावता सेक्शन बाहेर काढला. आतून पिशवीचे काळे कपचे पडले.

नवी पिशवी लेटेक्सची. तिचा क्रमांक म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग. 16 नंबरची पिशवी पाव इंच जाडीची. लांबी बेतून कापली, तोंड सेक्शनच्या बोंडीवर चढवलं, आणि चिकटवायला लाख. फेविक्विक नाही, एपॉक्सी नाही. लाख शाईला दाद देत नाही, पण थोड्या उष्णतेनं सुटते, म्हणजे पुढच्या दुरुस्तीवाल्याला पेन न फोडता उघडता येतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कारखान्यांतही पिशवी लाखेनंच चिकटवत, आणि ही लाख आपल्याच झाडांवरची. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, कुसुमावर लाखेचे किडे पोसतात. त्या लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की हे द्रावण तयार. रात्रभर वाळू दिलं, पिशवीला शंखजिऱ्याची पूड लावली म्हणजे ती नळीला घासत नाही, आणि पेन बंद केला.

रंगाचा प्रश्न उरला. तपकिरी पेन पुन्हा काळा करायची रसायनं मिळतात. घरच्यांना तो काळा हवा होता. फोटोत चांगला दिसला असता. मी नकार दिला. वरून काळा केलेला पेन खरेदीदाराला न सांगता विकणं म्हणजे फसवणूक, आणि सांगून विकायचा तर काळा करायची गरजच काय? नळीवरची नक्षी पाण्यातून वाचली होती, ती पॉलिशनं घालवायची नव्हती. नुसत्या मऊ कापडानं पुसून तपकिरी रंगासह विकायचं ठरलं. आजींचा कौल एका वाक्यात आला: "जसं हाय तसं सांगा, कोनाले फसवू नका."

गिऱ्हाइकं

किंमत ठरवण्यात मी पडलो नाही. दुरुस्तीचे ठरलेले पैसे घेतले, टक्केवारी घेतली नाही. माझं हे मत पक्कं आहे: जो निबच्या अवस्थेचा दाखला देतो त्यानं विक्रीच्या रकमेत वाटा ठेवू नये. नातवानं ₹18,000 मागितले, रंगाचा दोष पहिल्याच ओळीत लिहून.

पहिली विचारणा परदेशातून आली, डॉलरमध्ये, मागितल्यापेक्षा जास्त. ती सोडली. 1972 च्या पुरातन वस्तू आणि कलासंपदा कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वगैरे वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. असा पेन त्यात बसतो की नाही हे ठरवण्याचं काम आपलं नव्हे; वस्तू पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. हा पेन शंभरीच्या अगदी काठावर. दाखल्याच्या खटपटीत पेरणी निघून गेली असती. देशातच विकायचा, असं ठरलं.

पुण्याचे एक संग्राहक ₹22,000 द्यायला तयार होते, पण पेन काळा करून हवा होता. त्यांना नाही म्हणताना नातवाचा जीव वरखाली झाला, पण आजींचं वाक्य घरात झालेलं होतं.

तिसरे अकोल्याकडचे शिक्षक. फळ्यावर सुंदर देवनागरी लिहिणारे, याच निबनं कागदावर तसंच लिहायचं म्हणून विचारत होते. त्यांच्याशी मी स्वतः बोललो, कारण ही चूक वारंवार होते. देवनागरीतली जाड-बारीक रेघ दाबातून येत नाही. ती तिरक्या कापलेल्या टोकातून येते, बोरूच्या किंवा कट निबच्या, आणि हाताचा कोन कायम ठेवल्यानं येते. म्हणून बोरूनं शिरोरेषाही भरलेली उतरते. लवचीक निबची पाती फक्त खाली ओढताना उघडतात. तिनं लिहिलं तर काना जाड आणि शिरोरेषा काडीसारखी, अक्षराचा तोलच बदलतो. शिवाय वर किंवा डावीकडे ढकलताना दाब पडला तर टोक कागदात रुततं. ही निब इंग्रजी कॉपरप्लेटसारख्या तिरप्या अक्षरासाठी घडली आहे. गुरुजींना मी साधा कट निबचा पेन सुचवला, काही शे रुपयांतला. त्यांनी तो घेतला आणि त्याच निबनं लिहिलेलं पानही मला पाठवलं. फार देखणं आहे.

चौथी नागपूरची मुलगी. तिला जे लिहायचं होतं त्यासाठीच ही निब होती. व्यवहार तिच्याशी ठरला.

पेनासोबत आम्ही एक कार्ड दिलं. त्यावर याच निबनं, तिच्या समोर, व्हिडिओ कॉलवर लिहिलेला नमुना: बारीक रेघ, मध्यम, जाड, आणि जाडीनंतर लगेच पुन्हा बारीक. खाली मजकूर:

"बारीक रेघ 0.4 मिमी. सहज दाबानं 1.2 मिमी. 1.5 मिमीच्या पुढे उघडू नये. त्यापुढे निब फाकल्यास जबाबदारी घेणाऱ्याची. फाउंटन पेनचीच शाई वापरावी. काजळीची, डिंकाची, ॲक्रिलिक शाई चालणार नाही. रंग पाण्यामुळे तपकिरी झालेला आहे. पेन मिळाल्यापासून 21 दिवसांत, दोष आढळल्यास, पूर्ण पैसे परत."

कार्डाच्या दोन प्रती काढल्या, दोन्हींवर तिची आणि नातवाची सही. आणि एक अट घरच्यांसाठी होती: 21 दिवस संपेपर्यंत या पैशाला हात लावायचा नाही. ते पोस्टाच्या खात्यात राहतील. घराला जे पैसे परत देता येणार नाहीत त्यांवर परतीचं वचन देऊ नये. मृगाच्या आधी मुदत संपेल अशा बेतानं पेन मे महिन्यात रवाना केला.

मे म्हणजे आमच्याकडे पंचेचाळीसच्या वरचा पारा. तापलेल्या गाडीत एबोनाइट वाकू शकतं आणि लाख ढिली पडू शकते. पिशवी रिकामी केली, पेन एक इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सरकी काढलेल्या कापसात बसवला, दोन्ही तोंडं झाकणांनी बंद केली. मोटारपंपाच्या पाइपाचे तुकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यात पडलेले असतात. पेन पाठवायला यापेक्षा चांगला डबा मी पाहिलेला नाही. तालुक्याच्या पोस्टातून सकाळच्या डाकेनं, विमा उतरवून, पार्सल गेलं आणि नीट पोचलं. मुदत संपली, पैसे बियाणं-खताला गेले.

परत आलेला पेन

श्रावण संपत आला तेव्हा मुलीचा फोन आला. निब कोरडी पडते, जाड रेघ मधोमध फाटून रेल्वेच्या रुळासारख्या दोन रेघा उमटतात. तिचा सूर तक्रारीचा होता: निब आधीपासूनच कमजोर होती का?

प्रश्न रास्त होता आणि त्याला ढोबळ उत्तर देऊन भागणार नव्हतं. दोन रेघा उमटायची कारणं तीन असू शकतात. जिभेच्या चिरा तुंबल्या असतील तर शाई कमी पडते. खांद्यापाशी चीर गेली असेल तर एक पातं साथ सोडतं. आणि निब हद्दीपलीकडे फाकली असेल तर पाती जिभेपासून उचलली जातात. मध्ये फट पडते आणि शाई टोकापर्यंत चढतच नाही. पहिल्या कारणात दोष शाईचा, दुसऱ्यात बहुधा जुन्या धातूचा, म्हणजे विकणाऱ्याकडचा, तिसऱ्यात वापरणाऱ्याचा. पेन पाहिल्याशिवाय काही बोलायचं नाही, असं नातवाला बजावून मी पेन मागवला.

जीभ स्वच्छ होती. मुलीनं शाई अगदी नीट सांभाळली होती. खांदे दहापटीच्या भिंगाखाली, उजेड वेगवेगळ्या बाजूंनी पाडून पाहिले, चीर नाही. मग पेन खिडकीशी आडवा धरला. निब आणि जीभ यांच्यामधून उजेडाची बारीक पट्टी आरपार दिसली. टोकाशी दोन्ही पाती एकमेकांना टेकत नव्हती. निब फाकली होती.

मी तिला तिच्या कामाचे फोटो मागितले आणि तिनं आढेवेढे न घेता पाठवले. मोठ्या आकाराची पाकिटं, ठळक सुरुवातीची अक्षरं. एकाची मूळ प्रतही पेनासोबत ठेवली होती. तिच्यावरच्या रेघा 2.3 मिलिमीटर भरल्या. आमच्या कार्डावर 1.5. मुनीमजींच्या वहीत 1.2.

"काका, मी पुढे गेले हे खरं," ती म्हणाली. "पण निब जात होती, म्हणून गेले."

हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लवचीक निब हद्द आली म्हणून अडत नाही. ती उघडत जाते, रेघ सुरेख उमटत जाते, आणि धातू परत यायचा थांबला हे नंतर कळतं. त्यात जाहिरातींनी गिऱ्हाइकाची नजर बिघडवली आहे. "वेट नूडल", म्हणजे ओल्या शेवईसारखी लवचीक, म्हणत निब तीन-तीन मिलिमीटर ताणून दाखवणारे व्हिडिओ विक्रीसाठी टाकले जातात. जितकी फाकवली तितकी भारी, असा त्यातून अर्थ निघतो. मी हे स्पष्ट लिहितो: असा प्रत्येक व्हिडिओ करताना त्या निबचं आयुष्य खर्च होतं, आणि पाहणारा तोच दाब आपल्या निबवर करून बघतो. विकणाऱ्यानं कमाल ताण दाखवू नये. सहज उघडणं आणि लख्ख मिटणं दाखवावं.

मग पैशाचा प्रश्न. मुदत कधीच संपली होती आणि कारण कार्डावर लिहिलेलं. तरी आजींचा जीव राहीना. "पोरगी कमावून राहिली बिच्चारी, तिचं नुसकान कायले करता? थोडे वापस देऊन टाका."

नातू म्हणाला, "आजी, आपन लिहून देलं होतं. तिनं सही केली हाय."

माझं मत विचारलं तेव्हा मी नातवाच्या बाजूनं होतो, आणि आजही आहे. कपाशीला दुसरा खताचा हप्ता द्यायचा होता. घरात पैसा नव्हता. पण माझं कारण त्याहून वेगळं होतं. सहीचं कार्ड बाजूला ठेवून मनाच्या मोठेपणावर व्यवहार गेला की पुढच्या वेळी ज्याचं मन मोठं तो लुबाडला जातो, आणि कार्डावर लिहिलेली हद्द ही केवळ शोभा ठरते. हद्द खरी मानली गेली तरच पुढचा हात निब जपून वापरेल. त्याच वेळी आजींचं म्हणणं पूर्ण मोडणंही बरोबर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: पैसे परत नाहीत, दुरुस्तीचे ₹1,500 मुलगी देईल, येण्या-जाण्याचा डाकखर्च आजींच्या घरचा. मुलीनं हे लगेच मान्य केलं. मोजलेल्या रेघा तिच्या स्वतःच्या होत्या, त्यात वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निब जिभेसकट काढली. पाती सरळ करायला पक्कड लावत नाहीत. पितळी गोल कांडीवर निब ठेवून बोटाच्या पेरानं, थोडं-थोडं, दर वेळी भिंगातून पाहत खाली आणतात. घाई केली की खांद्याशी घडी पडते आणि ती कायमची. पाती टोकाशी टेकली, पण टेकली म्हणजे झालं असं नाही. मधल्या फटीतून अगदी पातळ पितळी पत्रा सरकवून ती शाईपुरती मोकळी केली. मग एकटी जीभ गरम पाण्यात क्षणभर धरून निबला चिकटेल अशी दाबून बसवली. जीभ निबच्या खाली असते, रंग थोडा बदलला तरी चटकन दिसत नाही, म्हणून तिला पाणी चालतं, नळीला नाही.

निब पुन्हा लिहू लागली. पूर्वीसारखी नाही. बारीक रेघ आता 0.5 मिलिमीटर, आणि 1.2 च्या पुढे दाबलं की मिटायला अंमळ उशीर होतो. एकदा हद्द ओलांडलेल्या धातूला त्याच जागी पुन्हा वाकायची सवय लागते. पुढच्या वेळी तो वाकेल किंवा तुटेल. मुलीला हे जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या कार्डावर नुसते आकडे न लिहिता याच निबच्या तीन रेघा तीन जाड्यांमध्ये काढून दिल्या, म्हणजे लिहिताना कार्ड शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडून पाहता येतं. हातात पट्टी घेऊन कोणी सुलेखन करत नाही. कमाल हद्द आता 1.0. मोठ्या अक्षरांसाठी तिनं टाकाच्या पोलादी निबा आणल्या. त्या स्वस्त असतात, गंजतात, खराब झाल्या की बदलता येतात. दोन मिलिमीटरची रेघ त्यांच्याकडून घ्यावी. वॉटरमन ती पत्त्याच्या बारीक ओळींसाठी वापरते.

उरले पेटीतले दोन पेन. ब्लॅकबर्डच्या टोपणाला ओठाशी चीर आहे. निब त्याचीही लवचीक आहे, पण टोपण भरून आल्याशिवाय तो विकायचा नाही असं सांगितलं आहे. बिननावाचा देशी पेन नातू ₹300 ला द्यायला निघाला होता, निब साधी पोलादी आणि ताठ म्हणून. तो देऊ नका, असं मी निक्षून सांगितलं. 1935 मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत असताना राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेला स्वदेशी पेन त्यांना ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत पोचला होता आणि त्यांनी रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. आर्वीहून वर्धा काही लांब नाही. हा पेन रत्नमचा असल्याची कोणतीही खूण त्यावर नाही आणि तसं म्हणून तो विकायचाही नाही. पण एबोनाइट हाती कातलेलं आहे, आटे अजून घट्ट आहेत, आणि इंग्रजी खर्ड्यांच्या वहीतली शेवटची पानं एकसारख्या जाडीच्या रेघेत आहेत, म्हणजे मुनीमजींनी शेवटी शेवटी ताठ निबच धरलेली दिसते. नातवानं तो साफ करून, ड्रॉपरनं शाई भरून चालू केला आहे. सध्या कापसाच्या वेचणीचा हिशेब तो त्याच पेनानं लिहितो.